टोपीवाली मैदानात उतरलीच नाही

त्या वर्षी बाबाची कंबर गेली. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ढकलता ढकलता ते एक दिवस खाली बसले, ते दोघांनी धरून उठवलं तेव्हाच उठले. दसऱ्यापासून ते बाजेवरच होते. घरात जमीन नाही, बैल नाही, आणि कुणापुढं हात पसरायचा मायचा स्वभाव नाही. उरली माय आणि उरले मी, नववीतली. टिनपत्र्याची एक खोली, तिच्यातच चूल, तिच्यातच बाज, तिच्यातच खिळ्याला टांगलेलं माझं दप्तर. सकाळी भाकर आणि आंबाडीची भाजी, संध्याकाळीही तेच. मी तोंड वाकडं केलं की माय म्हणायची, "बदल पायजे ना तुले? मंग आज आधी भाजी खाय अन् मंग भाकर."

तेलंगणातल्या आदिलाबादकडचं, तामसी मंडलातलं आमचं गाव. कापूस फुटला की मजुरांच्या पोरी शाळेतून हळूहळू कमी व्हायच्या. हजेरी घेताना गुरुजी नाव पुकारायचे आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "वेचणीले." एवढं उत्तर पुरायचं. ताप आला म्हटलं तर गुरुजी चौकशी करत, मामाच्या गावाला गेली म्हटलं तर रागावत. वेचणीले म्हटलं की पुढचं नाव. वर्गातल्या पोरी वजा होत जातात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, ही गोष्ट तेव्हा मलाही वावगी वाटत नव्हती. आज वाटते. आज तर एवढी वाटते की लिहायला बसले की पेन कागदात रुततो.

पुस्तकांतून कापसाला चांदणं म्हणतात, जमिनीवर उतरलेले ढग म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्याच्या नखात वाळल्या बोंडाचं टोक कधी शिरलेलं नसतं. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या काट्यासारख्या कडक होतात. कापूस ओढताना त्या नखाच्या कडेला अचूक लागतात, कालच्याच जागेवर. वाळला पाला चुरून कापसाला चिकटतो, केसांत जातो, घामाबरोबर मानेत उतरतो आणि दिवसभर खाजवत राहतो. कंबरेला ओटी बांधायची, म्हणजे जुन्या लुगड्याची झोळी, आणि दोन्ही हातांनी वेचत पुढं सरकायचं. उजवा हात एका झाडावर, डावा दुसऱ्यावर. एका हातानं वेचणारी बाई मागं पडते, आणि मागं पडलेली बाई पुढच्या वर्षी टोळीत नसते. म्हणून आमच्याकडच्या पोरींना डावा-उजवा हा भेद फार लवकर विसरावा लागतो.

टोळीत प्रत्येकीला एक ओळ धरावी लागते. तिला पात म्हणतात. सगळ्यांनी एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, निघायचं आणि समोरच्या धुऱ्याला लागायचं. एखादीला दिवस गेलेले असतील, एखादीचं लेकरू झाडाखाली रडत असेल, तर तिची पात मागं पडते. मग शेजारच्या दोघी काही न बोलता आपापल्या पातीबरोबर तिचीही निम्मी निम्मी वेचत नेतात. याला पात ओढणं म्हणतात. कुणी आभार मानत नाही. आभार मानले तर बाया हसतील.

हे सगळं यंदा वर आलं ते एका पार्सलमुळं. मी आता भीमपूरकडच्या एका शाळेत पोरींना खेळ शिकवते. कापूस पुन्हा फुटला आहे, रस्त्यानं ट्रॅक्टर आदिलाबादच्या बाजाराकडं चालले आहेत, बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकले आहेत. अशा एका रविवारी मिलिंददादानं हैदराबादहून पाठवलेला खोका आला. दादा माझा मामेभाऊ. खोक्यात एका जपानी चित्रकथेचे उरलेले सगळे भाग होते. या कथेचे पहिले चार भाग मी त्या वेचणीच्या हंगामात वाचले होते, इतक्यांदा की एकाची पानं सुटून बाबानं ती सुतळीनं शिवली होती. पुढचं काय झालं ते मला कधीच कळलं नव्हतं. ओसरीत चटई टाकून मी आधी जुने चार पुन्हा वाचले, मग नवे घेतले. आनंदानं सुरुवात केली आणि शेवटचा भाग मिटला तेव्हा माझे कान तापले होते.

दादा तेव्हा हैदराबादला इंजिनिअरिंग शिकायचा. तिथल्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथून दिवाळीला त्यानं हे चार भाग आणले. "मांगा म्हणतात याले," तो म्हणाला. जपानातल्या शाळकरी पोरांच्या बेसबॉलची गोष्ट, इंग्रजीत. एवढं सांगून तो दुसऱ्या दिवशी बसनं गेला. मी आणि बाबा बाजेवर बसून पुस्तक उघडलं, उघडतात तसं, डावीकडून. पहिल्याच पानावर पोरं मैदानात गुडघे टेकून ढसाढसा रडत होती. मग ती खेळली. मग त्यांनी पावसात, उन्हात सराव केला. आणि सगळ्यात शेवटी एका म्हाताऱ्यानं एका झिपऱ्या पोराला त्याच्या आयुष्यातला पहिला हातमोजा दिला.

बाबा बराच वेळ त्या म्हाताऱ्याकडं पाहत राहिले. म्हणाले, "आधी हरवलं, मंग खेळवलं, मंग सराव करू देल्ला, अन् शेवटी सामान देल्लं. सरकारी काम दिसते हे."

आठवड्यानं दादाचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. हे पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं, उर्दूसारखं. बाबा म्हणाले, "तहसीलीतले जुने उर्दू कागद असेच उलटे राह्यत. म्हून तं आपल्याले कदी काई समजलं नाई." आम्ही दोघं हसत सुटलो. कंबर दुखते म्हणून ते हसता हसता कण्हत, आणि कण्हल्यावर मला आणखी हसू येई. पण खरं सांगू? मला ती उलटी गोष्टच जास्त खरी वाटली होती. आमच्याकडं निकाल आधी लागतो आणि खेळ नंतर होतो, हे मी त्याच महिन्यात शाळेच्या मैदानावर पाहत होते.

शाळेत सॉफ्टबॉल होता. बेसबॉलची धाकटी बहीणच ती. चेंडू जरा मोठा, मैदान जरा लहान, आणि चेंडू खालून हात फिरवून टाकायचा. बाकी तेच. बॅटनं मारायचं, एकेका बेसला पाय लावत चक्कर पुरी करायची आणि परत घरी यायचं. खेळाचे सर तेलुगू होते, आम्ही त्यांना तेलुगू पोरांसारखंच 'सार' म्हणायचो. मराठी, हिंदी, तेलुगू असं सगळं कालवून ते ओरडत. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं चेंडू फेकला तो मी उजव्या हातानं पकडला, दुसरा डाव्यानं. मग फेकलाही दोन्ही हातांनी. सार शिट्टी तोंडात तशीच धरून जवळ आले. "रेंडु चेतुलु? दोन्ही हात? कोण शिकवलं ग अम्मायी?"

"कापसानं," मी म्हटलं. पोरी हसल्या. सारही हसले. बॅट मी डाव्या बाजूनं धरायची हेही मी त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवून पटवलं. डावीकडून मारणारा खेळाडू पहिल्या बेसच्या जवळ उभा असतो, त्याला कमी पळावं लागतं. सारांनी चित्र निरखून पाहिलं आणि मान डोलावली. मला वाटलं, झालं आपलं काम.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संघ वाचून दाखवला. महिनाभरात आदिलाबादला सामने होते आणि तिथूनच जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. माझं नाव राखीवमध्ये. माझ्याबरोबर मजुरांच्या घरच्या आणखी तिघी, त्याही राखीव. राखीव म्हणजे काय, तर मैदान खराट्यानं झाडायचं, चुन्यानं रेषा आखायच्या, पाण्याचा कॅन आणायचा, सामानाची थैली उचलायची. मी विचारलं, "सार, काऊन?" ते म्हणाले, "कापूस फुटला की तुमी गायब. दोन वर्षं झाले, असंच झालं. ऐन टायमाला टीम अर्धी. मी मग कोणाला खेळवू, माती खेळवू? खेळणाऱ्या पोरी वेगळ्या, वेचणाऱ्या वेगळ्या."

सार वाईट माणूस नव्हते. चेंडू फाटला तर स्वतः शिवत. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं, आम्ही खरंच गायब व्हायचो. म्हणूनच तर राग येतो. खोट्या बोलण्याला खोटं म्हणून मोकळं होता येतं. पण जे तुम्हांला वावरात ढकलतं, तेच पुढं करून तुम्हांला मैदानातून काढतात, तेव्हा बोट कुणाकडं करायचं? आणि झाडायला मात्र आम्ही भरवशाच्या! खेळायला गायब होणाऱ्या पोरी झाडायला कशा हजर असतात, हा प्रश्न त्या माणसाला एकदाही पडला नाही.

त्या दिवसांत मला आधार होता टोपीवालीचा. जपानी नावं जिभेवर बसत नव्हती, म्हणून आम्ही त्या चित्रांतल्या माणसांना आमची नावं ठेवली होती. बॉल टाकणारा तो झिपऱ्या. आणि त्याच्या संघाचं सगळं बघणारी जी पोरगी, ती टोपीवाली. ती संघाचे कपडे धुते, पाणी भरते, भाताचे गोळे बांधून आणते, कोणी किती धावा केल्या ते टिपून ठेवते. पण दुसऱ्या भागात एक पान आहे. सगळे गेल्यावर ती एकटी भिंतीवर चेंडू मारत असते आणि झिपऱ्या लपून पाहतो. काय हात आहे तिचा! चित्रातूनसुद्धा चेंडू सणसणत बाहेर येतो. पुढं ती रोज झिपऱ्याला सरावाला चेंडू टाकते आणि त्याला तो मारता येत नाही. चार भाग वाचून मला पक्कं ठाऊक होतं की पुढं कधीतरी ही उतरणार. अटीतटीचा सामना असेल, सगळे हबकलेले असतील, आणि ही टोपी फिरवून मैदानात येईल. खराटा मारताना मी ते पान मनात काढायचे. चित्र मीच काढायचे आणि मीच पाहायचे.

मायला वाचता येत नाही. एकदा ती बाजेच्या पायथ्याशी बसून बोटांना तेल चोळत होती, आणि मी तिला चित्रं दाखवत होते. टोपीवालीवर तिचं बोट थांबलं.

"हे पोरगी काय करून राह्यली?"

"पाणी देते. सामान ठेवते."

"अन् खेळत काऊन नाई?"

"पुढच्या भागात खेळंल."

"तिले कोणी सांगतलं, पुढच्या भागात खेळू देऊ म्हून?"

मग मी शाळेतलं राखीवचं सगळं सांगितलं, तोवर सांगितलं नव्हतं. मायनं ऐकून घेतलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे, खेळ म्हंजे काय भाकर हाय?" माय म्हणाली, "तुमी बाजेवर पडून बोलू नका. कंबर दुखंल."

दुसऱ्या दिवशी ती वावरातून तशीच शाळेत आली. कंबरेला ओटी, केसांत पाला. मैदानाच्या कडेला उभी राहून तिनं आवाज दिला, "ओ सार!" पोरी फिसफिसल्या. मला आधी लाज वाटली आणि मग त्या लाजेचाच राग आला.

"तुमी म्हन्ता वेचणीच्या पोरी टिकत नाई," माय म्हणाली. "टिकत नाई तं दिवसभर वावरात कोण टिकते? तुमी?"

"अम्मा, तसं नाई. सीझन आला की तुमीच नेता ना तिला? मी नेतो का?"

"मी नेतो म्हून मीच सांगाले आली. सामने होयपर्यंत पोरगी वावरात येनार नाई. माया शब्द हाय. आता तुमचा द्या."

सारांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "आली रोज, तर खेळवीन."

"हजेरी मी पाठवतो. खेळवनं तुमचं काम," असं म्हणून माय वळली. पायातली चप्पल तुटलेली, तरी चाल अशी की जणू तिनंच शाळा बांधली.

शब्द द्यायला सोपा होता. निभवायचा होता गिरजामायपुढं. गिरजामाय आमच्या टोळीची मुकादमीण. शेतमालकाशी वावर ठरवायची ती, आणि ठरलेल्या दिवशी ते संपवून द्यायची जबाबदारीही तिची. हात कमी पडला तर तिची पत जायची. वेचणी जोरात आली की तिच्याकडं जोडीचा नियम असे, माय-लेक असतील तर दोघी याव्यात, नाहीतर दुसरी जोडी तयारच असे. मी नाही येणार म्हणजे मायही घरी. आणि माय घरी म्हणजे चूल थंड. संध्याकाळी मालकाच्या खळ्यात गाठोडी बांधताना मायनं विषय काढला. मी मागं उभी होते.

"बॉल खेळाले जाते?" गिरजामायनं मला खालीवर पाहिलं. "बॉल खेळून पोट भरते काय वं?"

"वेचून तरी कोठं भरलं?" माय म्हणाली.

सगळ्या बाया हसल्या. गिरजामाय हसली नाही. तिनं तंबाखूची चिमूट गालात दाबली. "एक पात मोकळी राह्यली तं मालक मले बोलतो, तुले नाई."

"मोकळी राहत नाई. मी दोन धरतो."

"दोन धरते! गाठोडे वाहून तुयी मान मोडाले आली अन् दोन धरते." मग तिनं मागं वळून बायांना विचारलं, "काय वं, पोट्टीची पात ओढाची काय?" एकीनं फक्त आपल्या ओटीची गाठ घट्ट केली. गिरजामाय माझ्याकडं वळली. "जाय. पन हारून आली ना, तं या वावरात पाय ठेवू नको. आमच्या पातीचं नाव खराब करशीन."

त्या दिवसापासून माझी पात टोळीनं ओढली. रोज. पोटुशी नव्हते, आजारी नव्हते, तरी ओढली.

मांगात एक खेळी आहे. आपला गडी एखाद्या बेसवर अडकलेला असतो, तेव्हा मारणारा जोरात मारतच नाही. चेंडू हळूच टेकवतो, स्वतः बाद होतो आणि अडकलेल्याला पुढं सरकू देतो. तिला त्याग म्हणतात. तिसऱ्या भागात एक जाडा पोरगा असा बाद होतो, त्याला चार पानं दिली आहेत. सगळं मैदान उठून उभं राहतं, त्याची आई गॅलरीत रडते, म्हातारा मास्तर टोपी काढतो. परवा ती चार पानं पुन्हा वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी संतापही आला. चार पानं! एका चेंडूला! आणि माझ्या मागं आख्खी टोळी रोज उन्हात बाद होत होती, त्यांना गॅलरी कुठं होती? त्या पोरांनी घाम गाळला की त्याला तारुण्य म्हणतात, जिद्द म्हणतात, पानभर सूर्य काढतात. आमच्या बायांनी गाळला तर त्याला मजुरी म्हणतात, आणि सूर्य नुसता डोक्यावर असतो.

पहाटे उठून मी पाणी भरायचे, बाबाची कंबर शेकायचे, शाळा, आणि शाळा सुटली की मैदान. एक दिवस चुकले नाही. सारांनी सरावात मला दुसऱ्या बेसवर खेळवलं, बॅटिंगला वर पाठवलं. झाडणं मात्र सुटलं नाही, ते आम्हां चौघींकडंच राहिलं. मी म्हटलं, असो, खेळते तर आहे.

सामन्याच्या सकाळी आम्ही सगळ्या बस थांब्यावर जमलो. सार कुणाशी तरी फोनवर बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांनी सामानाची थैली आणून माझ्या पायाशी ठेवली. "ही तू सांभाळ. आज आपल्या गावच्या किराणावाल्याची पोरगी खेळते दुसऱ्या बेसवर. तिचे वडील येऊन राहिले बघायला. तू राखीव. वेळ आली तर बघू."

बस आली. धूळ खाली बसायच्या आधीच कंडक्टर दारातून ओरडू लागला, "एक्कंडी, एक्कंडी! चढा लवकर!" पोरी चढल्या. मी थैलीवर बसले. थैलीत बॅटी, चेंडू, हातमोजे, कॅचरचा मुखवटा, सगळं होतं. मी ठरवून बसले नाही. पण बसल्यावर मला फार बरं वाटलं.

"ए, चल!" सार दारातून म्हणाले.

"सार, मी खेळाले आली. सामान उचलाले नाई आली."

"गाडीत बोलू."

"इथंच बोला. मायनं तिचा शब्द पाळला. रोज पाळला. आता तुमची पाळी."

कंडक्टर म्हणाला, "सार, हे तुमचं घरचं भांडण आहे का? गाडी लेट होते माझी." ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खिडकीतून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "पोट्टी बराबर बोलून राह्यली." सार घामाघूम झाले. त्यांना बस सोडता येईना आणि थैलीही सोडता येईना. मग बाकीच्या तिघी राखीव पोरी बसमधून उतरल्या आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं. आणि सगळ्यांत नवल म्हणजे किराणावाल्याची पोरगी खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "सार, मले तिकडं दूर रायट फील्डमधीच ठेवा ना. दुसऱ्या बेसवर मले चेंडू पकडता येत नाई, बाबाले काय माहीत!"

सारांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. "खेळ बाई. दुसऱ्या बेसवर खेळ. चढ आता." मी उठले. थैलीचा एक पट्टा त्यांनी धरला, एक मी.

तो सामना आम्ही जिंकलो, त्याच्या पुढचा हरलो. डावीकडून मारत मी पहिला बेस कितीदा गाठला याचा हिशेब मी ठेवला नाही. गिरजामायला मात्र मी फक्त पहिल्या सामन्याचंच सांगितलं. हरल्याचं तिच्या कानावर आधीच आलं होतं. तिनं विचारलं, "मंग हारली कोण?" म्हटलं, "दुसऱ्या सामन्यातली टीम." ती म्हणाली, "लय शिकली तू."

आता टोपीवालीकडं येते, कारण राग तिथंच आहे. रविवारी मी भागामागून भाग वाचत गेले. प्रत्येक सामन्याला वाटायचं, आता उतरेल. एका सामन्यात तिच्या संघाचे तीन खेळाडू जायबंदी होतात, तरी नाही. झिपऱ्याचा खांदा निकामी होतो, तरी नाही. नियम आहे म्हणे, त्या स्पर्धेत पोरी चालत नाहीत, हे एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत येऊन जातं. त्यावर कुणी भांडत नाही. लेखक नाही, मास्तर नाही, झिपऱ्या नाही, आणि माझी टोपीवालीसुद्धा नाही! शेवटच्या भागात संघ जिंकतो, ती गॅलरीत भाताचे गोळे मांडीवर घेऊन रडते, आणि झिपऱ्या म्हणतो, तुझ्यामुळं झालं. तुझ्यामुळं! हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. बायांना मैदान द्यायचं नसलं की श्रेय देतात.

माय हल्ली माझ्याजवळ असते. ओसरीत बसून ती तूर पाखडत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "खेळली का मंग ते?"

"नाई."

तिनं सूप थांबवलं. "अजून नाई? एवढे पुस्तकं झाले तरी?"

"संपली गोष्ट. नाहीच खेळली."

"गडीमाणसानं लिवली असंन," माय म्हणाली आणि पुन्हा सूप हलवू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "तिनं एकदा तरी थैली खाली ठेवाले पायजे होती."

तरी ही गोष्ट माझी आवडती आहेच. परक्यावर एवढं कोण चिडतं? हे पुस्तक नसतं तर डावीकडून मारायचं मला सुचलं नसतं, आणि मैदान ही आपल्यासारख्यांनी मागायची गोष्ट आहे हेही नाही. म्हणूनच तर मला त्याचा हिशेब मागायचा हक्क आहे.

आणखी एक चीड आहे, तीही सांगून टाकते. अधूनमधून कुठल्या तरी कार्यक्रमात मला स्टेजवर बसवतात आणि सूत्रसंचालक सांगतो, कापूस वेचणाऱ्या आईची मुलगी, केवळ मेहनतीच्या जोरावर इथवर आली. टाळ्या पडतात. मला त्याचा माईक हिसकावून घ्यावासा वाटतो. मेहनतीनं मिळत असतं तर माझी माय आज कुठं असायला पाहिजे होती? गिरजामाय कुठं असायला पाहिजे होती? ती गेल्या उन्हाळ्यात वारली, तोवर टोळी चालवत होती. मेहनत आमच्याकडं कधीच कमी नव्हती. कमी होती ती जागा, आणि जागा कुणी हसत हसत दिली नाही. ती थांबून, अडून, बस अडवून घ्यावी लागली. हे त्या सूत्रसंचालकाच्या कागदावर कधी नसतं.

माझ्या शाळेतही कापूस फुटला की पोरी कमी होऊ लागतात. मी हजेरीत पुढच्या नावाकडं जात नाही. मी टोळीवर जाते, मुकादमिणीशी भांडते, तिच्या शिव्या खाते, चहा पिते आणि पोरगी परत आणते. काही वेळा नाही आणता येत. ते दिवस फार वाईट जातात.

त्या हंगामात जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली आणि मी खेळले. पुढं आदिलाबादच्या कॉलेजातून बी.ए. झाले, खेळाच्या शिक्षणाची पदवी घेतली आणि सरकारी शाळेत नोकरीला लागले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. आणि यंदा माझ्या शाळेच्या संघात मैदानात उतरलेल्या नऊपैकी पाच पोरी वेचणीच्या घरच्या आहेत.